गाव सोडलेल्यांचे नाव : एका विरळ इंग्रजी आडनावाचा नकाशा



अ‍ॅटनबरो हे आडनाव मराठी माणसाला परके नाही. १९८२ साली आलेल्या ‘गांधी’ चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो. त्या चित्रपटात कस्तुरबांची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली आणि त्याच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ऑस्कर मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. रिचर्ड यांचे धाकटे बंधू डेव्हिड निसर्गावरच्या माहितीपटांतून आपल्या घराघरांत पोहोचले. या दोघांमुळे हे नाव इतके कानावरचे झाले आहे, की खुद्द इंग्लंडात ते विरळ आहे हे सहसा ध्यानात येत नाही. स्मिथ किंवा जोन्स हवे त्या शहरात भेटतात, अ‍ॅटनबरो भेटत नाहीत. आज मला या दोन भावांच्या कर्तृत्वाविषयी बोलायचे नाही, त्यांच्या नावाविषयी बोलायचे आहे. ते कुठे जन्मले, शतकानुशतके कुठल्या टापूत राहिले, तिथेच का राहिले, आणि नकाशावरच्या त्या छोट्याशा डागावरून आपण काय शिकावे, हा आजचा विषय आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. विरळ आडनावाचा नकाशा हा ज्यांनी काहीच लिहून ठेवले नाही अशा माणसांचा दस्तऐवज असतो. त्यात आपण रक्त शोधायला जातो, पण त्यात खरोखर सापडते ती चाल : गाव सोडून निघालेल्या, आणि तरीही फार दूर न गेलेल्या माणसांची चाल.

इंग्लंडात वंशपरंपरेने चालणारी आडनावे १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर रुजू लागली. आधी सरदार-जमीनदारांनी आपल्या जहागिरीचे नाव घेतले, मग दोन-अडीचशे वर्षांत ती रीत शहरांतल्या व्यापाऱ्यांपर्यंत आणि पुढे कुळांपर्यंत झिरपत गेली. १४०० च्या सुमारास बहुतेक इंग्रज कुटुंबांना बापाकडून मुलाकडे जाणारे नाव मिळाले होते. काही नावे धंद्यावरून आली, काही बापाच्या नावावरून, काही रंगरूपावरून आणि पुष्कळशी गावावरून. गावावरून पडलेल्या नावाचा अर्थ मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ‘कर’ लावून केलेल्या आपल्या आडनावांचे तर्कशास्त्र तेच आहे. चिपळुणात राहणाऱ्याला चिपळूणकर म्हणून काय उपयोग, तिथे सगळेच चिपळूणचे. तो चिपळूण सोडून दुसरीकडे बिऱ्हाड करतो, तेव्हा शेजारी त्याला त्याच्या मूळ गावाने ओळखू लागतात. म्हणजे गावावरून आलेले आडनाव हे त्या गावात राहिल्याची खूण नसून ते सोडल्याची खूण आहे. नॉटिंगहॅमशायरमधल्या अ‍ॅटनबरो या गावात १६११ साली जन्मलेला सर्वांत प्रसिद्ध माणूस हेन्री आयर्टन, ऑलिव्हर क्रॉमवेलचा जावई आणि इंग्लंडच्या यादवी युद्धातला सेनानी. त्याचे आडनाव मात्र शेजारच्या डर्बीशायरमधल्या आयर्टन या ठिकाणावरून आलेले, कारण त्याच्या घराण्याचे मूळ तिथले. अ‍ॅटनबरोत आयर्टन आणि अ‍ॅटनबरोबाहेर अ‍ॅटनबरो, अशी ही अदलाबदल आहे. आडनावांचा नकाशा वाचताना ही पहिली गोष्ट मनाशी पक्की धरावी लागते.

आता ते गाव पाहू. नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीच्या उत्तर काठावर, बीस्टन आणि लाँग ईटन या दोन कारखानी गावांच्या मध्ये अ‍ॅटनबरो वसले आहे. एरवॉश ही लहानशी नदी इथेच ट्रेंटला मिळते, आणि नॉटिंगहॅमशायर व डर्बीशायर या दोन परगण्यांची हद्द बऱ्याच अंतरापर्यंत हीच एरवॉश ठरवते. त्यामुळे या गावातून तास-दोन तास चाललेला माणूस नकळत दुसऱ्या परगण्यात पोहोचतो. आता ३ एप्रिल १८८१ च्या रात्रीची शिरगणती समोर ठेवू. इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे २ कोटी ६० लाख माणसांची ही गणना. कौटुंबिक इतिहास मंडळांच्या स्वयंसेवकांनी तिची पाने एकेक करून उतरवून काढली, म्हणून आज एखादे आडनाव टाकले की देशभरात त्या रात्री ते कुठेकुठे होते हे दिसते. अ‍ॅटनबरो टाकले की बहुतेक इंग्लंड मोकळे राहते. नॉटिंगहॅमशायर आणि डर्बीशायरच्या सांध्यावर एक दाट डाग उमटतो, लंडनमध्ये एक फिकटसा, आणि बाकी तुरळक ठिपके. गाव हद्दीवर असल्यामुळे डागही दोन्ही परगण्यांत पसरलेला. सहाशे वर्षांपूर्वी ज्या गावावरून नाव पडले, त्याच्या भोवतीच सहाशे वर्षांनंतरही त्या नावाची माणसे बहुसंख्येने राहत होती.

शिरगणतीच्या त्या वहीचे एखादे पान जवळून पाहण्यासारखे असते. एका ओळीत एक माणूस. घराचा पत्ता, नाव, कुटुंबप्रमुखाशी नाते, लग्न झाले की नाही, वय, धंदा, आणि शेवटी जन्मस्थळ. ट्रेंट-एरवॉशच्या दुआबातल्या गावांची पाने उघडली तर धंद्याच्या रकान्यात लेस बनवणारे, मोजे विणणारे, कोळशाच्या खाणीत उतरणारे पुन्हा पुन्हा भेटतात. मागावर विणकाम करणाऱ्यांची संख्या इतकी, की प्रगणक तो धंदा पूर्ण लिहायचेच नाहीत. ‘एफ. डब्ल्यू. के.’ (फ्रेमवर्क निटर) एवढी आद्याक्षरे खरडून ते पुढच्या ओळीकडे वळायचे. पण आपल्या विषयासाठी मोलाचा रकाना शेवटचा. जन्मस्थळ आणि राहते ठिकाण यांत जे अंतर पडते, ते एका माणसाच्या आयुष्यातली वाटचाल सांगते, आणि आडनावातले गाव व राहते ठिकाण यांतले अंतर वीस पिढ्यांची वाटचाल सांगते. एकाच ओळीत दोन घड्याळे चालू असतात, एक आयुष्याचे आणि एक शतकांचे.

या दोन घड्याळांचा मेळ घालण्याचे काम त्याच काळात सुरू झाले. १८८५ साली रॅव्हनस्टाइन या भूगोलज्ञाने १८८१ च्या शिरगणतीतली जन्मस्थळे तपासून स्थलांतराचे नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम असा, की स्थलांतर करणाऱ्यांपैकी बहुतेक जण थोडेच अंतर जातात. पाच वर्षांनी, १८९० मध्ये, हेन्री ब्रॉहम गपी यांनी ग्रेट ब्रिटनमधल्या आडनावांच्या मूळ घरांवर पुस्तक काढले. गपी नौदलातले शल्यवैद्य आणि निसर्गाभ्यासक. सॉलोमन बेटांवर त्यांनी काम केले होते, वनस्पतींचा प्रसार कसा होतो हा त्यांच्या आवडीचा प्रश्न होता. एखादी वनस्पती कुठे दाट आणि कुठे विरळ हे जसे पाहावे, तसे त्यांनी आडनावांकडे पाहिले. त्यासाठी त्यांनी निवडले शेतकरी. शहरी माणूस धंद्यामागे फिरतो, शेतकरी जमिनीपाशी थांबतो, म्हणून जुना नकाशा पाहायचा तर शेतकऱ्यांच्या याद्या पाहाव्यात, असा त्यांचा विचार होता. आज त्यात उणिवा दिसतील. पण नावाचा भूगोल मोजता येतो आणि मोजल्यावर त्यात रचना दिसते, ही त्यांची मूळ दृष्टी टिकली. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या भूगोलज्ञांनी मतदारयाद्या आणि संगणक हाताशी घेऊन जे नकाशे काढले, त्यांनी ती रचना आजही पुसली गेलेली नाही असे दाखवले.

यावर पहिला आक्षेप शब्दव्युत्पत्तीचा आहे, आणि तो वजनदार आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘अमक्यापाशी राहणारा’ अशा अर्थाची नावे सर्रास पडत. ‘अ‍ॅटन अ‍ॅश’ म्हणजे अ‍ॅश वृक्षापाशी राहणारा, यातला ‘न’ पुढच्या शब्दाला चिकटून नॅश हे आडनाव झाले. ‘अ‍ॅटन ओक’मधून तसेच नोक्स झाले. मग अ‍ॅटनबरो हे ‘अ‍ॅटन बरो’, म्हणजे कुठल्याही गढीपाशी राहणारा, असे का नसावे? तसे असेल तर एका गावाशी या नावाचा संबंध जोडणेच चूक. कागदावरच्या अक्षरांनी या प्रश्नाचा निकाल लागत नाही, कारण दोन्ही अर्थ अक्षरांत बसतात. निकाल लावतो तो नकाशा. गढीपाशी राहणारा असा सर्वसाधारण अर्थ असता, तर हे नाव अनेक जागी स्वतंत्रपणे उपजले असते, विशेषतः ससेक्स-सरे या दक्षिणेकडच्या परगण्यांत, जिथे असल्या नावांचे पीक मोठे होते. प्रत्यक्षात १८८१ चा दाट डाग बसतो तो नेमका त्याच नावाच्या गावाभोवती. शिवाय बाराव्या शतकातल्या नोंदीत गावाचे नाव ‘ट’ने नाही, ‘ड’ने लिहिलेले आढळते. अ‍ॅडा किंवा तत्सम नावाच्या कुणा सॅक्सन माणसाची गढी, असा त्याचा अर्थ भाषातज्ज्ञ लावतात. म्हणजे ‘अ‍ॅटन’ हा तुकडा इथे ‘पाशी’ या अर्थाचा नाही, तो एका माणसाच्या नावाचा झिजलेला अवशेष आहे. नुसती व्युत्पत्ती अनेकदा फसवते, पण तिला भूगोलाची जोड मिळाली की ती क्वचितच चुकते.

याला लागूनच लेखनाचा आक्षेप येतो. पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली काढला, तेव्हापासून बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने यांच्या नोंदी मिळतात. पण लिहिणारा पाद्री कानावर आले तसे लिही. एकाच माणसाचे नाव बाप्तिस्म्याला एक आणि दफनाला दुसरेच, असे सर्रास घडे. मग शतकांच्या नोंदी जोडायच्या कोणत्या आधारावर? माझ्या मते हा आक्षेप स्मिथसारख्या नावाला जितका लागू पडतो, तितका विरळ नावाला पडत नाही. एका परगण्यात शंभर स्मिथ घरे असतील, तर कुठला जॉन स्मिथ कुठला हे ठरवताना अभ्यासक हतबल होतो. पण वेडेवाकडे लिहिलेले अ‍ॅटनबरोही दुसऱ्या कुठल्या नावाशी गल्लत होण्याइतके सामान्य नाही. लेखन बदलले तरी टापू बदलत नाही, आणि टापू सारखा राहिला की लेखनातले फरक एकाच नावाचे उच्चार म्हणून ओळखू येतात. इथेही विरळपणाच अभ्यासकाच्या कामी येतो.

आता जनुकांकडे वळू, कारण आजच्या काळात या विषयावर बोलायचे आणि तिकडे पाठ फिरवायची हे शक्य नाही. इंग्रजी रीतीत आडनाव बापाकडून मुलाकडे जाते आणि वाय गुणसूत्रही बापाकडूनच मुलाकडे जाते. दोघांची वाट एक. मग एकाच आडनावाच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या पुरुषांचे वाय गुणसूत्र जुळते का? २००० साली ब्रायन साइक्स यांनी यॉर्कशायरशी बांधलेल्या साइक्स आडनावाचे पुरुष तपासले, तेव्हा त्यांतल्या निम्म्याच्या थोड्या आत माणसांत एकच ठसा सापडला. २००६ मध्ये लेस्टर विद्यापीठात एकाच आडनावाच्या पुरुषांच्या दीडशे जोड्या तपासल्या गेल्या. जवळपास चौथा हिस्सा जोड्या एकाच पूर्वजाकडे जात होत्या, आणि नाव जितके विरळ तितकी ही शक्यता वाढत होती. २००९ मध्ये ट्यूरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी त्याच विद्यापीठातून ४० ब्रिटिश आडनावांच्या १६७८ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्मिथ नावाच्या पुरुषांत एकमेकांशी जवळीक अशी नव्हतीच, रस्त्यावरची कोणतीही माणसे गोळा केली असती तरी तेवढीच निघाली असती. विरळ नावांमध्ये मात्र वंशाचे स्पष्ट पुंजके दिसले. सर्वांत घट्ट पुंजक्यांपैकी एक होता अ‍ॅटनबरो. दहांतले जवळपास नऊ जण एकाच पुरुषाच्या वंशातले.

इथे टाळ्या वाजवून थांबण्याचा मोह होतो. गाव एक, नकाशावरचा डाग एक, मूळ पुरुषही एक, असे सारे नीट जुळल्यासारखे वाटते. पण या निष्कर्षात एक उडी आहे, आणि ती ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नये. १८७३ साली फ्रान्सिस गाल्टन यांनी गणितज्ञांपुढे कोडे टाकले, की घराणी नामशेष का होतात. हेन्री वॉटसन या पाद्री गणितज्ञाने त्यावर काम केले, आणि आज ज्याला गाल्टन-वॉटसन प्रक्रिया म्हणतात तिचा पाया पडला. सार एवढेच, की प्रत्येक पिढीत काही पुरुषांना मुलगा होत नाही, तेव्हा ती शाखा नावापुरती संपते. कुणाची चूक नाही, कुणाचे पाप नाही, फक्त शेकडो वर्षांच्या पिढ्यांचा हिशेब. त्यात १३४८-४९ च्या महामारीने इंग्लंडची एक तृतीयांश ते निम्मी माणसे नेली, तेव्हा कितीतरी कोवळी आडनावे फांदी फुटण्याआधीच गळून पडली. याचा अर्थ असा, की अ‍ॅटनबरो गाव सोडून मध्ययुगात पाच वेगवेगळी माणसे निघाली असतील, पाचांनाही तेच नाव पडले असेल, आणि चौघांच्या शाखा आटून एकाचीच उरली असेल. जनुके सांगतात की एक शाखा उरली. सुरुवात एकापासून झाली असे ती सांगू शकत नाहीत. किंग आणि जॉबलिंग यांनी आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच मूळ पुरुषांच्या जोडीला योगायोगाने होणारी ही गळती ठेवली होती, ती उगाच नव्हे. म्हणून मी म्हणतो की या विषयात प्रयोगशाळा नकाशाची जागा घेऊ शकत नाही. कुणाचा वंश वाढला हे प्रयोगशाळा सांगेल. तो कुठे वाढला आणि कसा जगला, हे नकाशाला आणि नोंदवहीलाच विचारावे लागेल.

सर्वांत कठीण आक्षेप मी मुद्दाम मागे ठेवला होता. तो इतिहासकारांचा आहे. जुन्या काळची माणसे एका गावात पिढ्यान्‌पिढ्या राहत, हे चित्रच खोटे असल्याचे त्यांनी दाखवून दिले आहे. गंमत अशी की त्याचा पुरावा याच परगण्यातून, नॉटिंगहॅमशायरच्या उत्तर भागातल्या क्लेवर्थ या खेड्यातून आला. तिथल्या पाद्रीने १६७६ मध्ये आणि पुन्हा १६८८ मध्ये गावातल्या माणसांची यादी करून ठेवली होती. १९६३ साली पीटर लॅसलेट आणि जॉन हॅरिसन यांनी त्या दोन याद्या समोरासमोर ठेवल्या. पहिल्या यादीतली निम्म्याहून अधिक माणसे बारा वर्षांनी गावात नव्हती. काही मेली होती, पण पुष्कळ निघून गेली होती. चाकरीचे साल संपले की गडी-मोलकरणी दुसरे घर बघत, कुळे शेत बदलत, लग्न झालेल्या मुली नांदायला जात. गाव इतके वाहते असेल, तर आडनाव सहाशे वर्षे एका जागी कसे थांबले? दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा?

दोन्ही खऱ्या आहेत, आणि त्या खऱ्या असण्यातच या नावाच्या नकाशाचे मर्म आहे. माणसे सतत हलत होती, पण लहान वर्तुळात हलत होती. या गावातून त्या गावात, आठवडी बाजाराच्या अंतरात, ओळखीच्या पंचक्रोशीत. गावाच्या पातळीवर पाहिले तर सारे अस्थिर, पंचक्रोशीच्या पातळीवर पाहिले तर सारे स्थिर. इतिहासकार डेव्हिड हे यांनी यॉर्कशायर-डर्बीशायरकडच्या आडनावांचा अभ्यास करताना हेच दाखवले, की घराण्याचे खरे घर गाव नव्हे, भोवतालचा मुलूख. जुन्या इंग्रजीत ‘कंट्री’ म्हणजे देश नव्हे, तर असा आपला मुलूख. आपल्याकडे कुणी ‘माझा मुलूख’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात भारत नसतो, दोन नद्यांमधला किंवा एका डोंगराच्या पायथ्याचा टापू असतो, तसेच. शिरगणती दहा वर्षांतून एकदा गावनिहाय माणसे मोजते, तेव्हा तिला फक्त हालचाल दिसते. आडनाव शतकांतून मोजते, म्हणून त्याला मुलूख दिसतो. कागदपत्रांत सगळीकडे गाव आहे आणि राज्य आहे, मुलूख कुठेच नोंदलेला नाही. त्याची हद्द कुणी आखली नाही, त्याला कर नव्हता, पाटी नव्हती. विरळ आडनावाचा डाग ही त्या न आखलेल्या हद्दीची आपल्यापर्यंत पोहोचलेली जवळपास एकमेव रेषा आहे.

मग माणसे मुलूख का सोडत नव्हती? हे प्रेमापोटीच होते असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. १६६२ च्या वस्तीहक्काच्या कायद्याने गरिबाचे पोट त्याच्या हक्काच्या पॅरिशवर सोपवले. दूरच्या गावात आलेला माणूस उद्या आपल्यावर भार होईल असे वाटले, की तिथले अधिकारी त्याला मूळ पॅरिशमध्ये परत धाडू शकत. श्रीमंताला लंडन खुले होते, मजुराला शेजारचे गाव. नकाशावरचा डाग दाट राहिला त्यामागे हा जाचही आहे, हे विसरून चालणार नाही. पण दुसरे कारण सुखाचे आहे. नॉटिंगहॅमशायरमध्ये काम माणसाकडे चालत आले. कॅल्व्हर्टनच्या विल्यम ली यांनी १५८९ मध्ये मोजे विणण्याचा माग शोधला, आणि पुढे तो या परगण्याच्या घराघरांत, खिडकीपाशी, उजेडात मांडला गेला. १८१३ च्या सुमारास जॉन लीव्हर्स यांच्या यंत्राने लेस विणायला सुरुवात केली. स्टेपलफर्ड, बीस्टन, लाँग ईटन इथे लेसचे कारखाने उभे राहिले, एरवॉशच्या खोऱ्यात कोळसा निघाला, १८३९ मध्ये नॉटिंगहॅम ते डर्बी रेल्वे धावू लागली. डोंगराळ, कोरड्या मुलखातल्या तरुणाला पोटासाठी दूर जावे लागले. इथल्या तरुणाला शेत सोडून कारखान्यात जायला पुरते गावही सोडावे लागले नाही. औद्योगिक क्रांतीने इंग्लंड उलटेपालटे केले, हे खरे, पण जिथे उद्योग आपल्या पायांनी आला तिथे तिने जुना नकाशा पुसला नाही, उलट गडद केला. अर्थात काही जण दूर गेलेच. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर जॉर्ज अ‍ॅटनबरो या सराफाच्या पेढीची १८८३ सालची इमारत उभी आहे. दागिने विकणारे आणि तारणावर पैसे देणारे अ‍ॅटनबरो एकोणिसाव्या शतकातल्या लंडनला चांगले परिचित होते. १८८१ च्या नकाशावरचा तो फिकट डाग पाहताना त्यांची आठवण ठेवावी. नाव एकच असले तरी शहरात ते पेढीच्या पाटीवर रंगले आणि मुलखात ते विणकराच्या ओळीत राहिले.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे आणि त्याचे उत्तर द्यायलाच हवे. आडनावाचा अभ्यास म्हणजे पुरुषांचा अभ्यास, बाया त्यात कुठेच नाहीत. हे खरे आहे. दहा पिढ्या मागे गेले, म्हणजे साधारण तीनशे वर्षे, तर प्रत्येकाच्या वंशवृक्षात त्या पायरीवर १०२४ पूर्वजांच्या जागा असतात, आणि आडनाव त्यांतल्या फक्त एकाकडून आलेले असते. उरलेल्या १०२३ जागांविषयी ते मूक आहे. म्हणून आडनावाला कुणी वंश म्हणू लागला तर त्याला हे गणित दाखवावे. पण वंश सांगण्यासाठी आडनाव निरुपयोगी असले, तरी वाट सांगण्यासाठी ते उपयोगी आहे. नदीत रंगाची पुडी सोडली तर रंग म्हणजे नदी होत नाही, पण पाणी कुठे जाते ते दिसते. आडनाव ही तशी पुडी आहे. घर ज्या मुलखात फिरले, त्याच मुलखातून त्या घरात सुना आल्या आणि त्यातच लेकी दिल्या गेल्या. नावाने पुरुषाचा माग दाखवला, पण त्या मागावर चालली अख्खी कुटुंबे. शिवाय नाव आणि रक्त यांची गाठ पुरुषांच्या ओळीतही सैल असते. दत्तक मुलगा, आईचे आडनाव लावलेले मूल, सावत्र बापाचे नाव घेतलेला पोर, अशा कारणांनी दर पिढीत एक ते साडेचार टक्क्यांच्या आसपास नाव आणि गुणसूत्र यांची ताटातूट होते, असा २००९ च्या त्याच अभ्यासाचा अंदाज आहे. पण दत्तक आलेला मुलगाही त्याच चुलीपाशी वाढला, त्याच मागावर बसला. रक्ताच्या दृष्टीने तो परका असेल, मुलखाच्या दृष्टीने तो घरचाच आहे.

रक्ताचा अभिमान बाळगणाऱ्यांसाठी याच विषयातले आणखी एक उदाहरण पुरेसे आहे. २००७ साली लेस्टरच्याच अभ्यासकांनी पूर्व यॉर्कशायरमधल्या एका विरळ आडनावाचे अठरा पुरुष तपासले. त्यांतल्या सात जणांचे वाय गुणसूत्र ज्या गटाचे निघाले, तो मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. ही माणसे दिसायला, बोलायला, स्वतःच्या समजुतीतही पक्की यॉर्कशायरची. कागदोपत्री त्यांच्या दोन शाखा अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे गेल्या, आणि दोन्हींना जोडणारा पुरुष त्याही आधीचा. म्हणजे किमान अडीचशे वर्षांपूर्वी, कदाचित त्याच्याही कितीतरी आधी, आफ्रिकेतला एखादा पुरुष किंवा त्याचा वंशज इथे आला आणि एका अस्सल इंग्रजी नावाखाली त्या मातीत मिसळून गेला. नाव अत्यंत स्थानिक आणि वंश दूरदेशीचा, यात विसंगती अशी काही नाही. नाव हे वंशाचे प्रमाणपत्र असते ही आपली समजूत चुकीची, एवढेच ते सांगते. नाव म्हणजे एखाद्या मुलखाने माणसाला आपले म्हटल्याची खूण. २००८ मध्ये विरल आणि वेस्ट लँकेशायर या भागांत अभ्यासकांनी नाव आणि मुलूख यांच्या याच नात्याचा उलटा उपयोग केला. मध्ययुगीन याद्यांत ज्यांची नावे होती, त्या आडनावांचे आजचे पुरुष निवडून तपासले, तेव्हा सर्वसाधारण लोकांपेक्षा त्यांच्यात स्कँडिनेव्हियाकडून आलेला वारसा ठळक दिसला. जुने आडनाव ही चाळण आहे. ती आजची गर्दी बाजूला सारून कालचा मुलूख आपल्या हाती देते.

आज या नावाची माणसे इंग्लंडभर, आणि समुद्रापारही आहेत, पण त्यांची सर्वांत दाट वस्ती अजून नॉटिंगहॅम आणि डर्बीच्या भोवतीच आहे. रिचर्ड आणि डेव्हिड यांचे वडील फ्रेडरिक अ‍ॅटनबरो यांचा जन्म १८८७ मध्ये स्टेपलफर्डला झाला. अ‍ॅटनबरो गावापासून स्टेपलफर्ड म्हणजे तास-सव्वा तासाची चाल. मध्ययुगात निघालेली वाट तिथवरच पोहोचली होती. तिथून हा दुकानदाराचा मुलगा सॅक्सन राजांच्या कायद्यांचा अभ्यासक झाला आणि १९३२ मध्ये लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा प्राचार्य. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४८ साली, डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांच्या हाती इंग्लंडच्या स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग तिथे सुरू झाला. हॉस्किन्स शेतांचे बांध आणि कुंपणे वाचायचे, प्राचार्य अ‍ॅटनबरो त्यांच्यासाठी गावांची आणि शिवारांची छायाचित्रे काढायचे. त्याच विभागात १९६५ मध्ये इंग्रजी आडनावांची पाहणी उभी राहिली. त्याच विद्यापीठात १९८४ मध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनए ठशांचा शोध लावला, आणि तिथेच २००९ मध्ये आडनावांचा तो अभ्यास पुरा झाला, ज्यात अ‍ॅटनबरो हे नाव ठळक निघाले. ज्या नावाच्या माणसाने स्थानिक इतिहासाला विद्यापीठात जागा दिली, त्याच नावावर त्या विद्येने पुढे आपला एक महत्त्वाचा पुरावा उभा केला.

आणि ते गाव? ट्रेंटच्या काठावरची वाळू-खडी १९२९ पासून उपसली जाऊ लागली. बांधकामासाठी खडी गेली, खड्डे पाण्याने भरले, शेते होती तिथे तळी झाली, तळ्यांवर पक्षी उतरू लागले. १९६६ साली त्या तळ्यांना राखीव निसर्गक्षेत्र म्हणून घोषित करण्याचा समारंभ झाला, आणि उद्घाटनाला आले डेव्हिड अ‍ॅटनबरो. शतकांपूर्वी कुणीतरी हे गाव सोडले, तेव्हा त्याच्या शेजाऱ्यांनी त्याला या गावाचे नाव दिले. तो काही फार दूर गेला नव्हता, त्याच्या पुढच्या पिढ्याही मुलखाबाहेर फारशा गेल्या नाहीत, म्हणून ते नाव नष्ट झाले नाही. त्याने नांगरलेली जमीन आज पाण्याखाली आहे. ज्या मातीवरून नाव पडले ती उरली नाही, पण ते नाव घेऊन माणूस गावात परत आला. इतिहासात मोठ्या मोहिमांना, विजयांना, समुद्रप्रवासांना भरपूर पाने मिळतात. शेजारच्या गावापर्यंत चालत गेलेल्या कोट्यवधी माणसांना एकही पान मिळत नाही. त्यांचे पान शोधायचे असेल तर नकाशावर अशा विरळ नावाचा लहानसा डाग शोधावा, आणि तो इतका लहान का राहिला, हा प्रश्न मनापासून विचारावा.